मामाने चावी गिळली नव्हती

चादरी धुण्याच्या कारखान्यातल्या वायरमनने भर दुपारी, साहेबाच्या नाकासमोर, कुलपाची चावी गिळली अशी बातमी गावभर आहे. घडी विभागातल्या बायका सांगतात, "अगं, वरून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही!" फाटकावरचे काका हाताने कंठ दाखवत सांगतात, "हे इथून असं वर गेलं, आणि असं खाली उतरलं. मी स्वतः बघितलं ना!" काका त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत होते. ट्रकच्या ड्रायव्हरच्या मते चावी नव्हतीच ती, अख्खं कुलूप होतं. आणि टपरीवाला तर पार पुढचं सांगतो. डॉक्टरांनी त्याला केळी खायला घातली, नुसती केळी, आणि मग वाट बघत बसले सगळे.

असलं काही झालं नाही. मामाने चावी गिळली नव्हती. त्याने ती दाढ आणि गाल यांच्यामध्ये धरली होती, लहान मूल लिमलेटची गोळी धरतं तशी, आणि काम झाल्यावर बाहेर काढून शर्टाला पुसली. पण ती तोंडात का घातली ते कुणी सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

मामा खरा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. आई त्याच कारखान्यात घडी विभागात. मी लहानपणी फाटकाशी उभी राहून "मामाss" म्हणून बोंब मारायचे, तेव्हापासून तो सगळ्या कारखान्याचा मामा झाला. त्याच्याहून वयाने मोठी माणसंही त्याला मामाच म्हणतात. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर आणि बोलण्यात एक खोड. वाक्य संपलं की विचारणार, "कळलं?" समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देणार, "नाही कळलं. परत सांगतो." ही नक्कल मी लग्नाबारशात हमखास करते.

कारखान्यात हॉस्पिटलांच्या चादरी येतात. धुवायच्या, वाळवायच्या, कडक इस्त्री करून परत पाठवायच्या. जमीन कायम ओली, हवेत वाफ, आणि त्या ओल्यात सगळीकडे विजेची यंत्रं. म्हणून दर सोमवारी, काम सुरू व्हायच्या आधी, मामाची शिकवणी. नवी माणसं पुढे, जुनी मागे भिंतीला टेकून. जागा ठरलेली, मोठ्या ड्रायरसमोर. या ड्रायरला सगळे हत्ती म्हणतात. पोलादी पिंप इतकं मोठं की आत माणूस ताठ उभा राहतो. पिंपाच्या मागे एक अरुंद बोळ आहे, तिथे हीटरच्या तारा, आणि चादरींमधून सुटलेला कापूस तिथे साचत राहतो. साचलेला कापूस पेट घेऊ शकतो, म्हणून अधूनमधून कुणालातरी त्या बोळात सरपटत जाऊन तो काढावा लागतो.

"करंट दिसतो?" मामा विचारायचा.

"नाही."

"वास येतो?"

"नाही."

"येण्याआधी फोन करतो? पाहुणा आहे का तो? नाही. मग तो तारेत नाही हे तुम्हाला कोण सांगणार? साहेब? मी? मला माझा चष्मा कुठाय ते सांगता येत नाही." मागून कुणीतरी म्हणायचं, कपाळावर आहे. "टेस्टर सांगणार. पण टेस्टर स्वतः जिवंत आहे का मेलाय? मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो. म्हणून आधी चालू जागी लावून बघायचा, मग बंद जागी, मग परत चालू जागी. कळलं? नाही कळलं. परत सांगतो."

"मामा, एवढी चौकशी तर लग्न ठरवताना मुलीचीसुद्धा करत नाहीत," पैलवान म्हणायचा. पैलवान म्हणजे हत्तीचा मेकॅनिक, दारातून आडवा होऊन शिरणारा.

"म्हणून पुढे शॉक बसतात."

"कुणाला बसतात ते आधी विचारा!" हे बायकांच्या बाजूने.

मग कुलपं. प्रत्येक नव्या माणसाला मामा एक कुलूप द्यायचा. मेन स्विच खाली ओढला की त्याला अनेक भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवायची, आणि जो जो यंत्रात हात घालणार त्याने त्या पट्टीत आपापलं कुलूप घालायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जात नाही. कुलूप ओळखू यावं म्हणून ज्याने त्याने खूण केलेली. कुणाचा दोरा, कुणाचा रंगाचा पट्टा, बायकांचं नेलपॉलिश.

"आपलं कुलूप आपण लावायचं, आपणच काढायचं. चावी कुणाला द्यायची नाही. नवऱ्यालाही नाही."

"नवरा कशाला मागतोय मामा," चिमणी एकदा म्हणाली, "त्याला टीव्हीचा रिमोट पुरतो."

चिमणी म्हणजे हत्तीच्या मागच्या बोळात मावणारी एकमेव बाई. अंगाने एवढीशी, कुलपावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, चावी गळ्यातल्या दोऱ्यात. प्रत्येक कुलपाची दुसरी चावी मामाच्या खोलीत खिळ्यांवर टांगलेली असायची, पहिली हरवली तर म्हणून. त्या खिळ्यांकडे मामा असा बघायचा की जणू कुणी त्याच्या घराची भिंत पाडून तिथे पडदा लावलाय.

त्या दिवशी हत्ती सकाळपासून बंद होता. हीटरची एक तार जळली होती आणि तार बदलायचीच आहे तर कापूसही काढून घ्यावा असं ठरलं. पट्टीत तीन कुलपं लागली. मामाचं, पैलवानाचं आणि लाल ठिपक्याचं. जेवायच्या सुट्टीपर्यंत काम झालं. मामा आणि पैलवान जेवून आले, आपापली कुलपं काढली. लाल ठिपका तसाच लटकत होता.

फाटकात हॉस्पिटलचा ट्रक उभा. आणि ट्रकमागोमाग साहेब. साहेबाला कारखान्यात आटपासाहेब म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्या शब्दाने सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. सुतळीसारखा माणूस, चालताना हात पुढे, पाय मागे. माणूस वाईट नाही. हॉस्पिटलमधून त्याला फोनवर फोन येत होते, ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरी संपत आल्या होत्या, आणि तेही काही खोटं नव्हतं.

"आटपा! का बंद आहे अजून?"

"चिमणीचं कुलूप आहे."

"मग तिला बोलवा."

चिमणी नव्हती. जेवणाच्या जागी नाही, नळावर नाही, घडी विभागात नाही. कुणी म्हणालं घरी गेली असेल, पोराला सकाळपासून ताप होता. कुणी म्हणालं शाळेचा शिपाई बोलवायला आला होता म्हणे.

"म्हणे?" मामाने विचारलं. "तिला जाताना कुणी बघितलं?"

कुणीच नाही. फाटकावरचे काका म्हणाले, "मी बघितलं नाही, पण गेली असणार."

आईने चिमणीला फोन लावला. फोन वाजला, आणि वाजला तो कारखान्यातच. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या चिमणीच्या पिशवीत. पिशवी इथे, डबा इथे, चपलाही इथे. 

पैलवानाने हत्तीच्या पोटात बॅटरी मारली. रिकामं. मग बोळाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून हाका मारल्या. उत्तर नाही. बोळ पुढे जाऊन वळतो. वळणापलीकडचं बाहेरून दिसत नाही, आणि तिथे जाणं पैलवानाला किंवा मामाला शक्य नव्हतं.

"आत असती तर ओ दिली असती," साहेब म्हणाला.

"बेशुद्ध माणूस ओ देत नाही, साहेब. आत किती गरम होतं तुम्हाला माहीत नाही."

"अहो, सकाळपासून बंद आहे, कसलं गरम! मामा, हॉस्पिटल आहे ते. तिथेही माणसंच आहेत. दुसरी चावी आणा. आटपा."

मामा खोलीकडे गेला. सगळ्यांना वाटलं, संपलं. तो परत आला तेव्हा चावी त्याच्या चिमटीत होती. साहेबाने तळहात पुढे केला. मामाने त्या हाताकडे बघितलं, आणि चावी तोंडात टाकली.

"मामा!"

मामाने मान हलवली. नाही.

"वेडेपणा करू नका. काढा ती बाहेर."

नाही.

"ठीक आहे. पैलवान, कटर आण. कुलूपच तोडू."

पैलवान मामाकडे बघत राहिला. मग साहेबाकडे. "साहेब, कटर कुठे ठेवलाय ते काही आठवत नाही बघा." कटर त्याच्या डोक्याच्या मागे, भिंतीवर, एक वीत अंतरावर टांगलेला होता. साहेबाला तो दिसत होता. पण साहेबाने स्वतः हात लांब केला नाही, हेही इथे सांगायला हवं.

शेवटी आई ट्रकच्या क्लीनरच्या स्कूटरवर मागे बसून निघाली. आधी चिमणीच्या घरी, तिथे कुलूप. मग शाळेत. मग शाळेजवळच्या दवाखान्यात. तिथे बाकावर चिमणी बसली होती, मांडीवर पोर, पायात कामाचे बूट, केसांत हत्तीचा कापूस. शिपाई सांगायला आला तशी ती नळावरून परस्पर धावत सुटली होती. आईला बघून तिने पहिलं वाक्य काय म्हणावं? "अगंबाई, माझं कुलूप!"

तोवर इकडे हत्तीसमोर माणसं उभी होती. साहेब घड्याळ बघत होता आणि फोनवर कुणाला तरी "होतंय, होतंय" म्हणत होता. मामा स्विचला पाठ लावून, गाल फुगवून उभा. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो बोलू शकत नव्हता.

चिमणी आली ती पोराला खांद्यावर टाकूनच. गर्दी बाजूला झाली. तिने गळ्यातला दोरा पुढे ओढला आणि लाल ठिपक्याचं कुलूप उघडलं. बोळात कुणी नव्हतं. जेवायच्या सुट्टीपासून कुणीच नव्हतं. मामाने तोंडातली चावी काढून शर्टाला पुसली आणि स्विच वर केला, आणि हत्ती फिरायला लागला.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. रिकाम्या यंत्रासाठी ट्रक अडला, हॉस्पिटलने दुसरीकडून चादरी मागवल्या, आणि वरच्यांनी साहेबाला फैलावर घेतलं. एवढं बिनकामाचं घडल्यावर माणसांना हसू येणारच.

पण हसायच्या आधी आणखी एक झालं. मामा चिमणीकडे वळला आणि सगळ्यांसमोर तिला बोलला.

"कुलूप लावून घरी जातात?"

"मामा, पोराला..."

"पोराला काय झालं ते मला कळतंय. कुलूप काढायला किती वेळ लागतो? कुलूप खोटं बोललं तुझं. आज मी थांबलो. उद्या लोक म्हणतील, असेल चिमणीचं, ती गेली असेल घरी. तेव्हा तू आत असशील."

चिमणी पोराच्या पाठीत तोंड खुपसून रडली. आईने मामाचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

संध्याकाळी मामा आमच्याकडे आला तेव्हा आईने त्याला चहा दिला, पण बशी आदळून.

"तापलेलं पोर खांद्यावर आणि तू तिला चारचौघांत झाडतोस? माणूस आहेस का कोण?"

"ताई, चुकलं माझं."

"तिला जाऊन सांग ते."

"सांगतो. पण बोललो ते खोटं नव्हतं."

"एवढं काय रे आहे त्या कुलपात?"

मामाने कप बाजूला सारला. मग त्याने जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं.

या कारखान्याच्या आधी तो दुसरीकडे होता. तिथे कुलपं नव्हती, पाटी होती. स्विच बंद केला की त्यावर पाटी टांगायची, 'माणूस काम करतो आहे'. पाटी टांगायचं काम मामाचं, काढायचंही मामाचं. टांगायला तो कधी विसरायचा नाही. काढायला विसरायचा. काम संपलं, माणूस घरी गेला, पाटी तिथेच. लोक यायचे, पाटी बघायचे, जरा थांबायचे, चौकशी करायचे. मग चौकशी करेनासे झाले. मामाची पाटी असणार, म्हणायचे, आणि बाजूला सारून स्विच वर करायचे. एकदा दोनदा तर मामानेच हसून सांगितलं होतं, "राहिली बघ काढायची."

त्याचा जोडीदार एकदा पॅनेलमध्ये हात घालून बसला होता. पाटी स्विचवर होती. या वेळी पाटी खरं बोलत होती.

"ज्याने स्विच वर केला तो रडून रडून वेडा व्हायच्या बेताला आला," मामा म्हणाला. "सगळे त्यालाच बोलले. मला कुणीसुद्धा बोललं नाही, ताई. मी पाटी लावली होती ना. माझं काम मी केलं होतं."

आईने त्याचा गार झालेला चहा उचलला आणि परत गरम करायला ठेवला. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी मामा चिमणीच्या घरी जाऊन आला. काय बोलला ते माहीत नाही. चिमणी आईला म्हणाली, "आला, पोराच्या कपाळाला हात लावला, दाराजवळचं दिव्याचं बटण शॉक देत होतं ते बदललं आणि गेला."

त्याच दिवशी साहेबाचा हुकूम निघाला. वरून काही ठरेपर्यंत सोमवारची शिकवणी बंद. आणि सगळ्या दुसऱ्या चाव्या यापुढे साहेबाच्या ड्रॉवरमध्ये. मामाला नोकरीवरून काढतील असंही बोललं जात होतं, पण मामाने त्याबद्दल कुणाला विचारलं नाही. खिळ्यांवरच्या चाव्या काढून नेताना मात्र तो तिथे उभा राहिला आणि एकेक चावी जाताना बघत राहिला. ड्रॉवर साहेबाच्या हाताशी होता, आणि साहेब कायम घाईत. लाल ठिपका, दोरा, रंगाचा पट्टा, सगळी कुलपं आता पाट्या झाली होती.

घडी विभागात त्याचं नाव पडलं, रिकाम्या हत्तीचा राखणदार.

मी मामाला म्हटलं, महिन्याच्या आत साहेब त्या चावीने कुणाचं तरी कुलूप उघडणार. मामा म्हणाला, "नाही. साहेब स्वतःसाठी कुलूप मागायला येणार." मी खो खो हसले. पैज लागली.

महिना संपत आला होता. हत्ती पुन्हा बंद पडला. या वेळी दुसरी तार जळली होती, वळणाच्या पलीकडे. चिमणी रजेवर, पोराला परत दवाखान्यात ठेवलेलं. ट्रक फाटकात. पैलवानाने बोळाकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि मागे सरकला.

"सरका," साहेब म्हणाला. "मी मावतो. मी कापूस काढतो, तार कुठे जळलीय ते बघतो, मामा बाहेरून सांगतील. आटपा."

मामाने स्विच खाली ओढला, टेस्टर आधी चालू जागी लावला, मग बंद जागी, मग परत चालू जागी, आणि आपलं कुलूप घातलं. साहेबाने घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या, गुडघ्यावर बसला, डोकं बोळात घातलं. आणि तसाच थांबला.

बॅटरीच्या उजेडात आतला सगळा कापूस पांढरा दिसत होता आणि त्यात तांब्याच्या तारा. साहेबाने डोकं बाहेर काढलं.

"मामा."

"बोला."

"एखादं कुलूप आहे का?"

मामाने खोलीतून कोरं कुलूप आणून दिलं. साहेबाने ते पट्टीत घातलं, दाबलं, ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं.

"ही तुमची चावी," मामा म्हणाला. "आणि ही दुसरी. ही ड्रॉवरमध्ये ठेवायची ना? तुमचाच हुकूम आहे. पैलवानाकडे देऊ ठेवायला?"

पैलवानाने लगेच हात पुढे केला. साहेबाने त्या हाताकडे बघितलं.

"द्या इकडे," तो म्हणाला, आणि दोन्ही चाव्या घेतल्या. पँटचा खिसा चाचपला, तो त्याला पटला नाही. मग वाकून दोन्ही चाव्या मोज्यात कोंबल्या आणि आत गेला.

वळणापलीकडे गेल्यावर त्याचा आवाज आला, कापसातून आल्यासारखा. "मामा, तिथेच आहात ना?"

"इथेच आहे."

थोड्या वेळाने परत. "मामा?"

"आहे, साहेब. सावकाश करा. घाई नाही."

फाटकात ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पैलवान जाऊन त्याला काहीतरी बोलून आला. त्यानंतर हॉर्न वाजला नाही.

साहेब बाहेर आला तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा होता. कुणी हसलं नाही. त्याने मोज्यातून चावी काढली, स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं, आणि ते खिशात ठेवून केबिनमध्ये गेला. घड्याळ तिथेच राहिलं. मामाने ते नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या टेबलावर सगळ्या चाव्यांचा ढीग होता. कुणी काही सांगितलं नव्हतं. मामाने त्या परत खिळ्यांवर लावल्या नाहीत. ज्याची त्याला देऊन टाकल्या, दोन्ही चाव्या ज्याच्या त्याच्याकडे. चिमणीची दवाखान्यात नेऊन दिली. शिकवणीबद्दल वरून अजून काही आलेलं नाही, पण परवाच्या सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी माणसं हत्तीसमोर जाऊन उभी राहिली, आणि मामाने विचारलं, "करंट दिसतो?" साहेब केबिनच्या दारात होता. तो आटपा म्हणाला नाही.

पैज मी हरले. हरणाऱ्याने महिनाभर मामाची नक्कल करायची नाही असं ठरलं होतं, लग्नात नाही, बारशात नाही, आईसमोर स्वयंपाकघरातसुद्धा नाही. लिहायचं नाही असं मात्र ठरलं नव्हतं.